दूध संस्थेचा जुना क्लिपर कोड जपायचा आहे. नेमकं काय काय ठेवू?

शेवगा
नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांना प्रोग्रॅम करून द्यायचो. भाषा क्लिपर, डॉसवरची. आधी तिची समर ८७ आवृत्ती, पुढे ५.२. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट आणि डिग्रीवरून (लॅक्टोमीटरवर दिसणारा दुधाच्या घनतेचा आकडा) दर, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात, दिवाळीच्या तोंडावर दूध दर फरक. सभासदांची नावं मराठीत दिसावीत म्हणून मशीनमध्ये सीडॅकचं गिस्ट कार्ड. त्या संस्थांनी केव्हाच नवी सॉफ्टवेअरं घेतली, त्याबद्दल तक्रार नाही. मीही निवृत्त झालो.

हातात आहे ते असं: सव्वापाच आणि साडेतीन इंची फ्लॉप्यांचा एक खोका, त्यातल्या काहींची हार्ड डिस्कवर केलेली कॉपी, १३२ कॉलमच्या कागदावर काढलेलं सोर्सचं भेंडोळं आणि एका संस्थेची छापील बिलं. कोडमधल्या टिपा रोमन लिपीत मराठी आहेत. 'हे बदलू नका, चेअरमन ओरडतात' छापाच्या.

भाचा म्हणतो, गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाका मामा, विषय संपला. पण पन्नास वर्षांनी एखाद्याने उघडलं तर त्याला कळेल, निदान त्याचं डोकं तरी उठणार नाही, असं ठेवायचं तर काय करावं? जाणकारांनी सांगावं.

गिरमिट
भाच्याला +१. रेपो (कोडचा साठा) बनवा, एक रीडमी (माहितीची फाइल) लिहा, चहा घ्या.

टोमणेबाज
रुमाल टाकून ठेवतो. सवडीने भांडायला येईन.

अनुस्वार
गिरमिट, टाकायला हरकत नाहीच. पण ते साठवण झालं, जतन नव्हे. कोड ठेवायच्या जागा बंद पडतात, आणि त्या कंपन्या बुडाल्या म्हणून नाही, त्यांना कंटाळा आला म्हणूनही पडतात. गूगल कोड आठवतंय का? २०१५ च्या मार्चमध्ये बंद करतोय म्हणाले, २०१६ च्या जानेवारीत बंद. गिटोरियस २०१५ मध्येच गेलं. बिटबकेटने मर्क्युरियल या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनाचा आधार काढून घेतला आणि २०२० मध्ये ते रेपो पुसले. लोकांनी दहा वर्षं लिहिलेला इतिहास, आणि मालकाने आधी कळवलं होतं एवढाच काय तो दिलासा.

यातलं बरंच वाचलं ते सॉफ्टवेअर हेरिटेज या संस्थेमुळे. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ती सुरू केली, पुढच्या वर्षी युनेस्कोशी करार झाला. तुमचा रेपो सार्वजनिक असेल तर त्यांच्या पानावर पत्ता देऊन 'आत्ता जतन करा' असं सांगता येतं, नोंदणीबिंदणी काही लागत नाही. तिथे २० अब्जांहून जास्त वेगवेगळ्या फाइल्स आहेत. एकच फाइल लाख ठिकाणी असली तरी ती एकदाच साठवतात, कारण ओळख नावावरून नाही, आतल्या मजकुराच्या हॅशवरून, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून, ठरते. त्यामुळे मिळणारा ओळखक्रमांकही मजकुरातूनच निघतो. संस्था उद्या राहिली नाही आणि कॉपी दुसऱ्या कुणाकडे सापडली, तरी ती तीच आहे का हे कुणालाही गणित करून तपासता येतं. वेबसाइटच्या पत्त्याचं असं नसतं.

एक मात्र लक्षात ठेवा. तिथे कोड आणि त्याचा बदलांचा इतिहास जातो. गिटहबवर खाली जी चर्चा होते, 'हा बग का आला, असं का केलं', ती जात नाही. ती गिट क्लोन केल्यावरही, म्हणजे रेपोची अख्खी कॉपी उतरवून घेतल्यावरही, हातात येत नाही. जे सांगायचं ते फाइलमध्येच लिहा.

गिरमिट
आणि ते आर्क्टिकवालं? गिटहबने बर्फात पुरलं होतं ना सगळं?

अनुस्वार
हो, स्वालबार्डच्या बंद कोळसा खाणीत. २ फेब्रुवारी २०२० ची स्थिती घेतली, २१ टेराबाइट, १८६ रिळं फिल्म, जुलैमध्ये आत ठेवली. सोबत हे काय आहे आणि कसं वाचायचं याची माणसाला वाचता येईल अशी पानं, ती कल्पना मला फार आवडली. पण तो त्या एका दिवसाचा फोटो आहे. काकांचा रेपो तेव्हा नव्हता.

मिरजेचा_सतारिया
आधी फ्लॉप्या! बाकी सगळं नंतर. शेवगाकाका, कृपा करून कुठल्यातरी पीसीला ड्राइव्ह जोडून त्या उघडून बघू नका.

क्रम असा ठेवा. आधी राइट प्रोटेक्ट: साडेतीनची खिडकी उघडी, सव्वापाचच्या खाचेवर चिकटपट्टी (दोन्हीत उलटं आहे, म्हणून लिहिलं). मग बुरशी बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी बाजूला, कारण तीच बुरशी ड्राइव्हच्या हेडला लागून पुढच्या सगळ्या फ्लॉप्या खरवडते. मग फाइल कॉपी न करता अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा घ्या. ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड मिळतं, क्रायोफ्लक्स त्याचा थोरला भाऊ. हे बोर्ड ड्राइव्हच्या हेडखालून जाणारे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, त्यातून सेक्टर (फ्लॉपीवरचे डेटाचे कप्पे) नंतर सावकाश काढता येतात. डॉसला 'सेक्टर नॉट फाउंड' वाटलेली जागासुद्धा बरेचदा अशी निघते.

प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमचं हेच झालं होतं. तो लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरला २०१२ मध्ये ॲपल टूच्या सोर्सच्या फ्लॉप्या वडिलांच्या घरी सापडल्या. उघडायला त्याने स्वतः हात लावला नाही, जुनी यंत्रं हाताळणारी माणसं बोलावली. वीसेक वर्षांपूर्वीच्या फ्लॉप्या वाचल्या गेल्या आणि कोड गिटहबवर आला. तुमच्या तर त्याहून जुन्या असतील काही.

शेवगा
सतारिया, वेळेवर सांगितलंत. खोका तसाच बंद आहे. एक विचारतो, हार्ड डिस्कवर कॉपी आहेच तर मूळ फ्लॉपीसाठी एवढा अट्टहास कशाला?

मिरजेचा_सतारिया
तारखा. तुम्ही कॉपी केली तेव्हा फाइल्सच्या तारखा राहिल्या की बदलल्या, कोण सांगणार? आणि प्रत्येक संस्थेला दिलेली आवृत्ती थोडी वेगळी असणार. आपल्याकडे तेव्हा गिट (आवृत्त्यांची नोंद ठेवणारं साधन) नव्हतं, फ्लॉपीवरचं लेबल हेच व्हर्जन कंट्रोल. लेबलांचे फोटो काढा. 'नवीन', 'नवीन २', 'फायनल नवीन' असं असलं तरी काढा.

प्रतिमा जमल्या की त्या आवृत्त्या तारखेनुसार एकेक करून गिटमध्ये कमिट करता (नोंदवता) येतात, जुनी तारीख देऊन. युनिक्सचा असा इतिहास स्पिनेलिस नावाच्या प्राध्यापकाने बांधलाय, १९७० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून. पण मूळ प्रतिमा वेगळ्या ठेवाच, कारण त्या कमिटच्या तारखा हा तुमचा अंदाज, फ्लॉपी हा पुरावा.

पोथीबंद
मी ग्रंथालयात काम करते, संगणकवाली नाही. तरी दोन शब्द.

भेंडोळं रद्दीत देऊ नका. अपोलो ११ च्या संगणकाचा कोड आज कुणालाही वाचता येतो तो कागदामुळे. एमआयटीकडे छापील लिस्टिंग होतं, ते स्कॅन झालं, आणि व्हर्च्युअल एजीसी प्रकल्पातल्या हौशी लोकांनी ते पुन्हा यंत्रात आणलं, ओळ न ओळ तपासत. २०१६ मध्ये ते गिटहबवर आलं तेव्हा सगळ्या जगाने त्यातल्या टिपा वाचल्या. 'तात्पुरतं आहे, अशी आशा, आशा, आशा' अशी टीप तिथेही आहे. तुमचे ओरडणारे चेअरमन चांगल्या पंगतीत बसलेत, काका.

दुसरं, कोडबाहेरचा कागद. नासाच्या व्हॉयेजर १ ने २०२३ च्या नोव्हेंबरात अगम्य आकडे पाठवायला सुरुवात केली. यान १९७७ चं. आतल्या एका संगणकाच्या स्मृतीतली चिप बिघडली होती, तिथला कोड तुकडे करून दुसरीकडे हलवावा लागला. त्यासाठी पहिल्या पिढीच्या अभियंत्यांनी लिहून ठेवलेले कागद धुंडाळावे लागले, आणि लिहिणाऱ्यांना असा प्रश्न येईल हे स्वप्नातही नव्हतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शहाण्यासारखं बोलू लागलं. म्हणून 'कुणाला काय उपयोग' हा निकष लावून कागद गाळू नका.

आणखी एक खंत. आपल्याकडे पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी प्रत द्यावी लागते. सॉफ्टवेअरला असं काहीच नाही. कॉपीराइट नोंदवायला गेलात तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार सोर्सची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं किमान द्यायची. मधल्या पानांत काय होतं ते सरकारला नको असलं तरी चालतं.

टोमणेबाज
आलो. मला सांगा, हे सगळं कशासाठी? नासाचं यान ठीक. हा दहा दिवसांचं बिल काढणारा प्रोग्रॅम. असे हजार लोकांनी हजार लिहिले. उद्या मी माझ्या वाण्याची उधारीची वही युनेस्कोला पाठवू का?

पोथीबंद
पाठवा की. शे-दीडशे वर्षांपूर्वीची तशी वही मिळाली तर आमच्याकडचे संशोधक नाचतील. मोडीतल्या हिशेबाच्या रुमालांवर (कागदांच्या गठ्ठ्यांवर) लोकांनी पीएचडी केल्यात.

टोमणेबाज
बरं, वही गेली. पण वहीत माणसांची नावं नि आकडे असतात. कोडमध्ये काय असतं?

शेवगा
टोमणेबाज, नियम असतात. थांबा, भेंडोळ्यातूनच दाखवतो. एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) काढायची ओळ अशी: डिग्री भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले फॅट, अधिक ०.३६. त्याच्या खाली एक ओळ, दहाने गुणून इंट (दशांश कापणारी आज्ञा), पुन्हा दहाने भागून. म्हणजे दुसरा दशांश कापायचा, वर न्यायचा नाही.

म्हशीचं दूध, २८ डिग्री, ६ फॅट. ७ अधिक १.२६ अधिक ०.३६, झाले ८.६२. कापून ८.६. आता समजा ८.६८ आलं. कापलं तर ८.६, जवळच्या आकड्याला नेलं तर ८.७. एका पॉइंटचा फरक, लिटरमागे पैशांत. शेतकऱ्याला तो कळायचा नाही, पण संस्थेचं वर्षाचं पत्रक फिरायचं. कापायचं की न्यायचं हे मीटिंगमध्ये ठरायचं, आणि ठरावाच्या वहीत 'दरपत्रक मंजूर' एवढंच असायचं. खरा ठराव माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे.

टोमणेबाज
हे मात्र भारी आहे. शब्द मागे. (वाण्याच्या वहीबद्दलचे नाहीत.)

सायीची_वाटी
डेअरीत आहे म्हणून लिहिते. काका, ते ०.३६ कुठून आलं ते लिहून ठेवा हो, तेच नेमकं हरवतं. मूळ रिचमंडचं सूत्र डिग्री भागिले ४, अधिक ०.२ फॅट, अधिक ०.१४ असं आहे, ६० अंश फॅरनहाइटला जुळवलेल्या लॅक्टोमीटरसाठी. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलाय त्याप्रमाणे शेवटचा आकडा बदलतो. तुमचंच उदाहरण मूळ सूत्राने काढलं तर ७ अधिक १.२ अधिक ०.१४, म्हणजे ८.३४. पाव टक्क्याहून जास्त फरक! वीस वर्षांनी एखाद्या हुशार पोराने 'हा आकडा चुकलाय' म्हणून पुस्तकातला घातला तर त्याला दोष देता येणार नाही. दूध संघाने कोणता लॅक्टोमीटर दिला होता, पत्रक कुणी काढलं होतं, आठवेल तेवढं लिहा. त्या वेळचे सेक्रेटरी हयात असतील तर त्यांच्याशी बोलून घ्या. फोनवर रेकॉर्ड केलंत तरी पुरे.

शेवगा
एका संस्थेचे सेक्रेटरी आहेत, ऐंशीच्या पुढे. पुढच्या आठवड्यात जातो.

अनुस्वार
हाच खरा मुद्दा आहे असं मला वाटतं (हे माझं वैयक्तिक मत). कोड 'काय' ते सांगतो. 'का' ते माणसाच्या डोक्यात असतं आणि त्याची प्रतिमा काढायला ग्रीझवीझल मिळत नाही. त्यामुळे आधी फ्लॉप्या की आधी सेक्रेटरी असं विचाराल तर मी सतारियाशी भांडेन. फ्लॉपी आणखी सहा महिने थांबेल.

आता चालवण्याबद्दल. सोर्स आहे म्हणजे प्रोग्रॅम बांधता येतो असं नाही. तुमच्याकडे बघा:
कंपाइल आणि लिंक करायच्या बॅच फाइल्स आहेत का, कोणत्या क्रमाने;
लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा) कोणता, क्लिपरसोबतचा आरटीलिंक की बाहेरचा ब्लिंकर;
कुणाची तयार लायब्ररी जोडली होती का. त्या बऱ्याचदा विकत घेतलेल्या, फक्त .लिब फाइल, सोर्स नाही. ती लायब्ररी हरवली तर तुमचा सोर्स अर्धाच.

मूळ क्लिपर डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर जुना डॉस चालवणारा प्रोग्रॅम) चालतं. शिवाय हार्बर हा मुक्त कंपाइलर क्लिपरचाच कोड घेतो आणि आजच्या लिनक्सवर, विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम बनवून देतो. दोन्ही करा आणि निकाल ताडून बघा. आणि इथे तुमची ती छापील बिलं सोन्याची आहेत! जुनी एन्ट्री घाला, बिल काढा, छापील बिलाशी पैशापर्यंत जुळतं का पाहा. याहून चांगली चाचणी कुणी लिहू शकणार नाही.

ते इंट विशेष जपा. ४.३५ गुणिले १०० हे आजच्या साध्या दशांश गणितात ४३५ येत नाही, चिमूटभर कमी येतं, आणि इंट केलं की ४३४. म्हणजे एक पैसा गायब. कंपाइलर बदलला की अशा जागा बदलतात.

शेवगा
अरे! दोन ठिकाणी इंटच्या आत 'अधिक .००००१' आहे. शेजारी टीप: 'काढू नका'. मीच घातलंय, कारण आत्ता तुम्ही सांगितलंत तेच असणार.

अनुस्वार
टीप वाढवा मग. जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी, आजची तारीख घालून. मूळ टिपांची भाषा सुधारू नका, शुद्धलेखनही नाही. रोमन मराठीही तशीच राहू दे, हवं तर वेगळ्या फाइलमध्ये देवनागरी द्या.

हलन्त
उशीर झाला, पण माझा विषय आलाय म्हणून. गिस्ट कार्ड म्हणजे डेटा इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या सांकेतिक पद्धतीत, आहे. डीबीएफ फाइल (क्लिपरची डेटाची फाइल) उघडणं सोपं, शेकडो साधनं आहेत, एनटीएक्स इंडेक्स (शोधसूची) तर परतही बनतात. पण आतलं नाव आजच्या मशीनवर फ्रेंच अक्षरांचा चिवडा दिसेल. घाबरू नका आणि मुख्य म्हणजे 'करप्ट' म्हणून पुसू नका.

इस्कीचं प्रमाण १९९१ चं आहे, आयएस १३१९४. युनिकोडचा, म्हणजे आजच्या पद्धतीचा, देवनागरी भाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलाय, त्यामुळे बहुतेक अक्षरं एकास एक जातात. घोळ होतो तो जोडाक्षरांत. इस्कीत हलन्तापुढे दुसरा हलन्त आला तर पाय मोडलेलं अक्षर दाखवायचं, हलन्तापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आला तर अर्धं. युनिकोडमध्ये त्यासाठी न दिसणारी दोन वेगळी चिन्हं आहेत. हे न कळणारं कन्व्हर्टर वापरलं तर 'कऱ्हाडे' आणि 'कुऱ्हाडे' आडनावांची वाट लागते. आपल्याकडचा तो आडवा र बाकी हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून त्यांच्या साधनात तो तपासलेला नसतो. सभासदांच्या यादीत बिऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर असतील त्या आधी बघा.

आणि कृपया मूळ डीबीएफ तशीच ठेवा. रूपांतर ही वेगळी फाइल, रूपांतर करणारा प्रोग्रॅमही सोबत. श्री-लिपीत टाइप केलेल्या मजकुराचं काय झालंय बघा, तो तर फॉन्टवरच अवलंबून. आकार दिसतो तोवर मजकूर आहे, फॉन्ट गेला की राख.

पोथीबंद
डेटाचा विषय निघाला म्हणून: सभासदांची खरी नावं, उचल, कर्ज हे सार्वजनिक रेपोत टाकू नका. माणसं हयात आहेत, गावात सगळे एकमेकांना ओळखतात, शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे. दहा-पंधरा बनावट सभासद करून नमुना डेटा द्या. खरा डेटा सीलबंद, संस्थेच्या परवानगीने.

गिरमिट
नमुन्यात कऱ्हाडे हवाच! :)

मालकी कुणाची पण? काकांची की संस्थेची?

अनुस्वार
वकील नाही, पण १९५७ च्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. नोकरीत लिहिलेलं असेल तर मालक सहसा नोकरी देणारा. काका स्वतंत्रपणे करून देत होते आणि लेखी करारात हक्क लिहून दिले नसतील, तर बाजू त्यांची भक्कम. तरी संस्थांकडून एका ओळीचं पत्र घेतलं तर पुढच्यांची कटकट वाचते. मग परवाना निवडा आणि त्याचा पूर्ण मजकूर फाइल म्हणून आत ठेवा, नुसतं नाव नको. परवान्याशिवाय टाकलेला कोड लोक बघतात, हात लावायला घाबरतात.

शेवगा
करार कुठला, नारळ आणि पेढे यावर कामं झाली. पत्र मागतो.

आता असं ठरवलंय. आधी सेक्रेटरींना भेटणार. मग भेंडोळं स्कॅन, ६०० डीपीआयला, आणि मूळ कागद सपाट ठेवून. फ्लॉप्यांच्या प्रतिमा, प्रत्येकीचा शा-२५६ हॅश एका मजकूर फाइलमध्ये. रेपोत कोड, बॅच फाइल्स, नमुना डेटा, हार्बरवर बांधायची कृती, एसएनएफच्या आकड्यांची हकिकत. त्यावरून सॉफ्टवेअर हेरिटेज. एक प्रत भाच्याकडे, एक बँकेच्या लॉकरात. काही राहिलं का?

मिरजेचा_सतारिया
लॉकरातली डिस्क वर्षातून एकदा काढून हॅश ताडून बघा, नाहीतर ती नुसती ठेव. एसएसडी नको, वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यावर भरवसा नाही.

हलन्त
गिस्ट कार्डाची पुस्तिका मिळाली तर स्कॅन कराच. आणि कीबोर्डावर चिकटवलेल्या अक्षरांचा एखादा फोटो असेल तर तोही, इन्स्क्रिप्ट होता की टाइपरायटर पद्धत ते त्यावरून कळतं. टंकलेखनातल्या कोणत्या चुका का झाल्या हे नंतर शोधताना उपयोगी पडतं.

शेवगा
इन्स्क्रिप्ट. पुस्तिका बहुतेक माळ्यावर आहे. सव्वापाचचा चालू ड्राइव्ह मात्र माझ्याकडे नाही, कुणाकडे आहे का?

मिरजेचा_सतारिया
आहे, १.२ एमबीवाला, ग्रीझवीझलला जोडलेला. तुमच्या ३६० केबीच्या असतील त्याही वाचतो, फक्त एकाआड एक ट्रॅकवर जावं लागतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. फ्लॉप्या कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन या. आणि येताना मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका, उन्हात तापते.